प्रौढ साक्षरता वर्ग आणि जुने लॅपटॉप: नेमकं काय चालतं, कुठे अडतं?

सांजवर्ग · ३ जून, रात्री ९.१२

उल्लास, म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रम (२०२२ ते २०२७), सुरू झाल्यापासून पंधरा वर्षांपुढच्या असाक्षरांना गावोगावी स्वयंसेवक शिकवताहेत, तेही मानधनाशिवाय. अशा वर्गांना कुणी ना कुणी जुने लॅपटॉप देतं. मशीन येतं, पण त्यावर चालवायचं काय हे कुणी सांगत नाही आणि महिन्याभरात ते कपाटात जातं. म्हणून हा धागा. संगणक शिकवणं हा विषय नाही. संगणकावरून वाचणं, लिहिणं आणि आकडे शिकवणं हा आहे.

सगळ्यांनी एकच नमुना डोळ्यांसमोर ठेवू. ग्रामपंचायतीच्या वाचनालयाची खोली. पाच जुने लॅपटॉप (४ जीबी रॅम), तीन टॅब. नेट कधी आहे, कधी नाही. शिकणाऱ्या अठरा जणी, बहुतेक चाळिशीपुढच्या, बचत गटातल्या. वेळ रात्री आठ ते नऊ.

सुरुवात अक्षरांपासून की शब्दांपासून? कोणतं सॉफ्टवेअर? स्क्रीनवर किती वेळ, वहीवर किती? आणि उल्लासच्या परीक्षेला याचा उपयोग होतो का? अनुभवकथन नको, करता येईल असं नेमकं लिहा.

गमभन · ३ जून, रात्री १०.०५

पहिल्या प्रश्नावर लिहितो, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे.

संगणकावरून प्रौढ साक्षरता हा प्रयोग आपल्याकडे नवा नाही. टाटा कन्सल्टन्सीच्या फकीरचंद कोहलींच्या पुढाकाराने २००० साली मेडक जिल्ह्यात (तेव्हा आंध्र, आता तेलंगण) संगणकाधारित कार्यात्मक साक्षरतेचा कार्यक्रम सुरू झाला. आधार राष्ट्रीय साक्षरता मिशनच्या प्रवेशिकांचाच (वाचन-लेखनाच्या पहिल्या पुस्तकांचाच) होता. फरक पद्धतीत होता: आधी ओळखीचा शब्द, त्याचं चित्र आणि उच्चार, मग त्याची फोड. साधारण ४० तासांत साधं वाचन जमावं असा हिशेब. पुढे तो मराठीसह इतर भाषांतही झाला. मशीनंही नवी नव्हती, कंपन्यांनी टाकून दिलेली होती.

यातली विचाराची दिशा पक्की बरोबर आहे. प्रौढ माणसाकडे हजारो शब्द तोंडात तयार असतात. 'पावती' काय असते हे तिला शिकवावं लागत नाही, फक्त ती कागदावर कशी दिसते ते दाखवावं लागतं. पंचेचाळीस वर्षांच्या बाईला 'अ अननसाचा' पासून नेलं की आपल्याला लहान मूल समजताहेत असं तिला वाटतं, आणि ते वाटणं खरं असतं.

पण त्या कार्यक्रमाचा भर वाचनावर होता. उल्लासची परीक्षा १५० गुणांची आहे: वाचन ५०, लेखन ५०, संख्याज्ञान ५०, आणि प्रत्येक भागात ३३ टक्के लागतात. नुसत्या शब्दओळखीवर लेखनाचे ५० निघत नाहीत. शब्द चित्रासारखा ओळखणारी बाई 'सरकार' वाचते, पण 'कारस' असं उलटसुलट लिहून दिलं तर अडते.

म्हणून मधला रस्ता. पहिल्या आठवड्यात सातच खुणा: क, म, न, र, ल, स आणि काना. यातून काम, कान, नाक, माल, रान, साल, मान, सामान, समान, कमान, सरकार असे मोठ्या माणसाचे शब्द बनतात. दुसरा गट: ग, व, प, त, ण आणि दुसरी वेलांटी. त्यातून गाव, पाणी, पीक, पगार, पावती, नवीन, गावकरी, गणपती. 'गणपती' स्वतः जुळवून वाचला की खोलीतलं वातावरण बदलतं, हा शब्द दुसऱ्या गटात मुद्दाम ठेवा.

एक पथ्य. दिसायला जवळची अक्षरं एका बैठकीत आणू नका: भ आणि म, घ आणि ध, ब आणि व, थ आणि य, ष आणि प, ख आणि 'रव'. एक पक्कं झाल्यावर किमान आठ दिवसांनी दुसरं.

काचपाटी · ३ जून, रात्री १०.४०

गमभन यांच्या पद्धतीला पुस्ती जोडते. संगणकावर शब्दासोबत चित्र ठेवलं की शिकणारी चित्र वाचते, शब्द वाचत नाही. नळाचं चित्र आहे म्हणून 'नळ' म्हणते, खाली 'पाणी' लिहिलं तरी 'नळ'च म्हणेल. चित्र पहिल्या तीन वेळा दाखवा, चौथ्या वेळी काढून टाका, चुकलं तरच परत आणा.

तसंच चार पर्यायांतून निवडण्याच्या सरावाचं. डोळे मिटून बोट ठेवलं तरी चारातलं एक बरोबर येतं. शिवाय बरोबर उत्तर रोज त्याच जागी असेल तर जागा पाठ होते, शब्द नाही. पर्यायांची जागा दर वेळी बदलेल अशी खूण सॉफ्टवेअरमध्ये असते, ती चालू आहे का बघा. आणि पर्याय जवळचे द्या. 'पगार'च्या शेजारी 'पावती' आणि 'पाणी' ठेवा, 'सामान' आणि 'कमान' नको. पहिलं अक्षर बघून सुटणारा सराव म्हणजे एका अक्षराचाच सराव.

चुकल्यावर लाल फुली आणि भोंग्यासारखा आवाज बहुतेक तयार सरावांत असतो. तो बंद करा. शेजारच्या चौघींना ऐकू जातो, आणि त्या आवाजाच्या धाकानेच बाई पुढचं बटण दाबत नाही. चुकलं तर शब्द परत उच्चारला जावा, एवढं पुरे. उत्तरासाठी घड्याळ लावू नका. लावायचंच असेल तर दहा सेकंदांच्या आत नको.

फ्यूजवायर · ४ जून, सकाळी ७.१५

मशीनचं मी लिहितो.

पाचही लॅपटॉपवर लिनक्स मिंट या मोफत प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाका, ४ जीबीवर बरी चालते. हार्ड डिस्क जुनी फिरती असेल तर २४० जीबीची एसएसडी बसवा. याहून स्वस्तात एवढा फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही.

नेट बेभरवशाचं आहे म्हणून कोलिब्री हे धडे दाखवणारं सॉफ्टवेअर वापरा. मोफत आहे, मराठीत दिसतं आणि पूर्ण नेटशिवाय चालतं. एका लॅपटॉपवर कोलिब्री बसवायचं, तो 'मुख्य' मशीन. एक साधा राउटर ठेवायचा, त्याला नेट नसलं तरी चालतं. बाकी चार लॅपटॉप आणि तीन टॅब त्या राउटरवरून मुख्य मशीनला जोडले जातात आणि ब्राउझरमध्ये धडे उघडतात. शिकणाऱ्यांसाठी पासवर्ड बंद ठेवायची सोय कोलिब्रीत आहे, ती वापरा. ज्यांना अक्षर येत नाही त्यांना पासवर्ड विचारणं म्हणजे वर्गाला दारातच कुलूप.

आपले सराव एच५पी प्रकारात (ब्राउझरमध्ये चालणारे छोटे सराव) बनवता येतात. लुमी नावाचा प्रोग्राम त्यासाठी लॅपटॉपवर चालतो. मग कोलिब्री स्टुडिओत चढवायचे (एवढ्याला नेट लागतं) आणि मुख्य मशीनवर उतरवून घ्यायचे.

आता कुठे अडतं ते. तीन गोष्टी, वरचेवर होतात त्या क्रमाने.

पहिली: राउटर रोज मुख्य मशीनला नवा पत्ता देतो आणि कालचं चिन्ह आज उघडत नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन मुख्य मशीनचा पत्ता कायमचा बांधून टाका. पाच मिनिटांचं काम आहे, आणि हे न केल्याने बंद पडलेले वर्ग बरेच असतात.

दुसरी: जुन्या लॅपटॉपच्या आतला नाण्याएवढा सेल (बहुधा सीआर२०३२) संपलेला असतो. वीज काढली की तारीख दहा-पंधरा वर्षं मागे जाते. मग नेटवरची पानं 'सुरक्षित नाही' म्हणून उघडत नाहीत आणि कुणी कधी किती सराव केला याची नोंद चुकीच्या तारखेला पडते. सेल बदला.

तिसरी: वीज. पाच लॅपटॉप प्रत्येकी ४५ वॅट धरले तर २२५, दोन एलईडी ट्यूब ४०, एकूण २६५ वॅट. दीड तासाला ४०० वॅट-तास. १२ व्होल्ट, १५० एएचची इन्व्हर्टर बॅटरी कागदावर १८०० देते, अर्धीच वापरायची धरली तर ९००, इन्व्हर्टरची घट काढून ७०० च्या आसपास. म्हणजे बॅटरी जुनी असली तरी एक वर्ग निभावतो. मुख्य मशीन मात्र चालत्या बॅटरीचंच निवडा. तेच मध्ये बंद पडलं तर आठही पडदे एकदम थांबतात.

ओसरी · ४ जून, दुपारी २.३०

मशीन, सॉफ्टवेअर ठीक आहे. पण पहिल्या दिवशी लॅपटॉप उघडण्याआधी दोन गोष्टी तपासा.

चष्मा. चाळिशीनंतर जवळचं अंधुक दिसू लागतं. घरकामात ते जाणवत नाही, अक्षरात लगेच जाणवतं. 'मला नाही जमत हे' म्हणून उठणाऱ्या कितीतरी जणींना शिकणं जमत नसतं असं नाही, त्यांना दिसत नसतं. तपासणी सोपी आहे. तांदळाचे पाच दाणे आणि एक खडा तळहातावर ठेवून हातभर अंतरावर धरायला सांगा, खडा कुठे आहे ते विचारा. डोळे बारीक केले किंवा हात लांब नेला की समजायचं. वयाच्या पंचेचाळिशीला साधारण अधिक एक ते दीड, पंचावन्नला दोन, साठीला अडीच असा वाचायचा नंबर लागतो. अंदाजाने चष्मा देऊ नका, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा नेत्र शिबिरात तपासून घ्या. वर्ग सुरू व्हायच्या आधीचा आठवडा यासाठीच ठेवा. मोतीबिंदूही तेव्हाच सापडतो.

दुसरी गोष्ट बोटं. राखेने भांडी घासून, शेण-माती काढून, भात लावून बोटांची कातडी कोरडी आणि जाड झालेली असते. टॅबच्या काचेला ती बोटं लागतच नाहीत. बाई जोर लावते, काच दाब ओळखत नाही. मग ती बोट तसंच दाबून धरते, आणि दाबून धरलं की भलतीच यादी उघडते. उपाय: ओलं करून पिळलेलं फडकं प्रत्येक टॅबशेजारी, बोट टेकवून पुसून मग काचेला लावायचं. रबरी टोकाची पेन्सिल (स्टायलस) मिळाली तर उत्तम, कारण पेन धरायची सवयही होते. बटणं बोटाच्या पेराएवढी मोठी ठेवा, दोन बटणांत तेवढंच अंतर.

लॅपटॉपवर माउस देणार असाल तर दोनदा टिचकी मारावी लागेल असं काहीही ठेवू नका. सेटिंगमध्ये एका टिचकीत उघडेल असं करता येतं. ओढून नेऊन सोडायचे सरावही पहिला महिना नकोत. पहिल्या तीन बैठकींत फक्त टिचकी: पडद्यावर मोठी टिकली, तिच्यावर टिचकी, टिकली सरकते. अक्षर नाही, आकडा नाही.

गमभन · ४ जून, दुपारी ३.१०

ओसरी, चष्म्याचं तुम्ही लिहिलंत ते धाग्याच्या सुरुवातीला असायला हवं होतं. त्याला जोडून फाँटचं. पडद्यावर अक्षर ३२ पॉइंटच्या खाली नको, ओळीतलं अंतर दीडपट. आणि अक्षराचं वळण मराठी असू द्या. बरेच फाँट मुळात हिंदी वळणाचे असतात, त्यात ल दांडीचा येतो आणि श वेगळा दिसतो. आपल्या एसटीच्या पाटीवर, वर्तमानपत्रात, वहीत ल दोन पाकळ्यांचा असतो. नव्याने शिकणाऱ्याला ही दोन वेगळी अक्षरं वाटतात. नोटो सॅन्स देवनागरीत मराठी वळणं आत आहेत, पण पानाची भाषा 'मराठी' अशी नोंदवली असेल तरच ती बाहेर येतात. सराव बनवताना ती नोंद करा आणि आधी 'लाल शाल' लिहून बघा.

काचपाटी · ४ जून, रात्री ८.५०

आवाजाबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते. माझ्या मते अर्धा धडा आवाजात असतो.

यंत्राचा आवाज वापरू नका. ईस्पीकचा मराठी आवाज मोफत आहे, पण त्याचा उच्चार समजायला ज्याला आधीच वाचता येतं असा माणूस लागतो. गावातल्याच एखाद्या स्पष्ट बोलणाऱ्या बाईचा आवाज भरा. मेळघाटात कोरकू, नंदुरबारकडे भिली आणि पावरी, गडचिरोलीत गोंडी घरात बोलली जाते. तिथे सूचना त्या भाषेत आणि शब्द मराठीत असा दुहेरी आवाज लागतो.

भरायची पद्धत: बंद खोली, पंखा बंद, खिडकीला गोधडी. फोन तोंडापासून वीतभर, किंचित बाजूला धरलेला, म्हणजे प, फ, भ चा फुत्कार येत नाही. एका फाइलमध्ये एकच शब्द. शब्दाआधी अर्धा सेकंद शांतता सोडा. ब्लूटूथ स्पीकर मध्ये झोपतो आणि जागा होताना पहिलं अक्षर गिळतो, 'पगार'चं 'गार' होतं. ऑडॅसिटी या ध्वनी संपादनाच्या प्रोग्राममध्ये सगळ्या फाइलींचा आवाज एका पातळीवर आणा.

अक्षरांचे उच्चार भरताना मोठी चूक होते. सवयीने 'कऽ, मऽ, लऽ' असं लांबवून म्हटलं जातं. मग शिकणारी ते जोडून 'कामाला' वाचते आणि अडकते. क, म, ल आखूड म्हणा, शेवटचं तर जवळजवळ पायमोडकं. मराठीत 'कमळ' म्हणताना शेवटच्या ळ मधला अ आपण उच्चारत नाही. हे नियम म्हणून सांगायची गरज नाही, आवाज नीट भरला की ते आपोआप बसतं.

एकूण साठा किती? ३०० शब्द आणि साठेक छोटी वाक्यं. तीन बैठकींत भरून होतं.

हिशेबवही · ५ जून, सकाळी ६.५५

संख्याज्ञानाचे ५० गुण सगळ्यात लवकर मिळण्यासारखे आहेत, आणि तयार सॉफ्टवेअर तेच सगळ्यात वाईट शिकवतं. कारण ते मुलांसाठी बनलेलं असतं: तीन फुलपाखरं, चार फुगे, मोजा. बाजारात रोज भाजी विकणाऱ्या बाईला बेरीज शिकवायची नसते. ती तोंडी करतेच, आणि पटकन करते. तिला अडतं ते लिहिण्यात.

मुख्य अडचण मराठी संख्यानामांची. आपण एकक आधी म्हणतो. 'बावन्न' ऐकलं की आधी दोन ऐकू येतो, म्हणून ती २५ लिहिते. 'पंचवीस' ऐकलं की आधी पाच, म्हणून ५२. हे दोन आकडे एकमेकांच्या जागी लिहिले जातात, ती चूक अडाणीपणाची नाही, कानाने बरोबर ऐकल्याची आहे. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणितात 'पन्नास दोन' धर्तीची वाचनपद्धत आणली ती याच अडचणीवर. त्यावर मोठा वाद झाला. मुलांचं काय करायचं ते असो, प्रौढांच्या वर्गात पहिले पंधरा दिवस 'बावन्न, म्हणजे पन्नास आणि दोन' असं दोन्ही म्हणा.

पडद्यावर नोटा वापरा. दहाच्या पाच नोटा डावीकडे, रुपयाची दोन नाणी उजवीकडे, खाली दोन रिकामी घरं. आवाज म्हणतो 'बावन्न रुपये'. नोटा मोजून डाव्या घरात ५, नाणी मोजून उजव्या घरात २. दहाच बैठकींत डावं-उजवं बसतं.

दुसरी ठरलेली चूक: 'एकशे पाच' म्हणजे १००५. शंभर लिहिलं, पुढे पाच लिहिला. इथे शंभराची नोट, दहाच्या नोटेची रिकामी जागा आणि पाच नाणी अशी तीन घरं द्या. रिकाम्या जागेत शून्य 'ठेवायचं' असतं, हे हाताने करून दाखवलं की कळतं.

तिसरी: दीडशे, अडीचशे, पावणेदोनशे, साडेतीनशे. रोजच्या तोंडी हे असतं, कॅल्क्युलेटरला कळत नाही. यांच्या जोड्या वेगळ्या करून घ्या.

आणि दोन्ही लिपींतले आकडे द्या. एसटीच्या पाटीवर देवनागरी असतात, फोनवर आणि एटीएमवर इंग्रजी. आपला १ आणि इंग्रजी नऊ, आपला ४ आणि इंग्रजी आठ एकमेकांसारखे दिसतात. ओटीपी टाकताना चूक इथेच होते, म्हणून या दोन जोड्या एका बैठकीत कधीच नकोत.

कळफलक · ५ जून, सकाळी १०.२०

टायपिंग शिकवावं का? माझं मत: हो, पण तिसऱ्या महिन्यापासून, आणि इनस्क्रिप्टवरच (थेट देवनागरी अक्षरांच्या कळांची मांडणी).

फोनवरचा 'इंग्रजीत लिहा, मराठीत उमटेल' हा मार्ग यांच्यासाठी बंद आहे, कारण त्यासाठी आधी इंग्रजी अक्षरं यावी लागतात. इनस्क्रिप्टमध्ये स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. कळांवर देवनागरी स्टिकर लावा आणि इंग्रजी अक्षरं पूर्ण झाका, अर्धवट नको. पहिल्या गटातल्या सात खुणा म्हणजे सातच कळा. बाकीच्या कळांवर स्टिकर लावूच नका, गट वाढेल तसे लावत जा.

एक अडचण आधी सांगून ठेवा. वहीत पहिली वेलांटी आपण अक्षराच्या आधी काढतो. संगणकावर आधी अक्षर, मग वेलांटी, आणि ती उडी मारून मागे जाऊन बसते. 'दिवस' टाइप करताना हे पाहून शिकणारीला वाटतं आपण चुकलो, आणि ती खोडते. रफाराचंही तसंच: 'वर्ग' साठी व, र, पाय मोडण्याची कळ, मग ग. र वर उडून बसतो. आधी दाखवलं की गंमत वाटते, आधी नाही दाखवलं की भीती.

बोलून टाइप करण्याची सोय मराठीत आहे आणि बऱ्यापैकी चालते. ती वर्गात वापरू नका. बोललं की लिहून येतं, हे कळल्यावर लिहायचं कारणच उरत नाही.

सांजवर्ग · ५ जून, रात्री ९.३०

भरपूर मिळालं, आभार. दोन शंका. एका तासाची वाटणी कशी? अठरा जणी आणि आठच पडदे आहेत. आणि पडद्यावर जमलेलं कागदावर येतं का?

ओसरी · ५ जून, रात्री १०.००

तीन गट करा, सहा-सहाचे. वीस मिनिटं पडद्यावर, वीस मिनिटं पाटी किंवा दुरेघी वहीवर, वीस मिनिटं स्वयंसेवकाजवळ मोठ्याने वाचन आणि बोलणं. वीस मिनिटांनी गट पुढे सरकतात. सहा जणी आणि आठ पडदे, म्हणजे एक-दोन मशीनं रुसली तरी वर्ग थांबत नाही. एका पडद्यावर दोघींना बसवू नका. माउस एकीच्याच हातात राहतो आणि ती एकटीच शिकते. आईबरोबर आलेली मुलं-नातवंडंही 'थांब, मी दाखवतो' म्हणून माउस ओढून घेतात. त्यांच्यासाठी बाहेरच्या ओसरीवर गोष्टींची पुस्तकं ठेवा.

कालचे शब्द आज, मग तिसऱ्या दिवशी, मग सातव्या, मग पंधराव्या असे परत आले पाहिजेत. संगणकाचा खरा फायदा इथे आहे. एकच शब्द चाळीस वेळा विचारला तरी तो कंटाळत नाही आणि कुणाला किती वेळा लागला ते चारचौघांत बोलत नाही.

साक्षरता अभियानाच्या काळापासून तीन प्रवेशिकांना २०० तास धरले जातात. रोज एक तास, आठवड्याचे पाच दिवस, म्हणजे ४० आठवडे. पण भात लावणी, सोयाबीन काढणी, दिवाळी, लग्नसराई यांत वर्ग पडणारच. ते दिवस आधीच वजा करून वेळापत्रक करा. बीडकडच्या ऊसतोड कुटुंबांत तर दिवाळीनंतर बाई पाच-सहा महिने गावात नसतेच. तिचा सराव फोनमध्ये भरून द्या: आवाजाच्या फाइली आणि शब्दांची पानं. सोबत एक कार्ड द्या, कोणत्या गटापर्यंत झालं ते लिहून. नाहीतर परत आल्यावर तिला पुन्हा पहिल्या अक्षरावर बसवतात, आणि ती दुसऱ्या दिवशी येत नाही.

गमभन · ५ जून, रात्री १०.३५

पडद्यावरून कागदावर आपोआप येत नाही, याची खात्री बाळगा. पडद्यावर वीसपैकी अठरा शब्द वाचणारी बाई कागदावर दहाला अडकू शकते, कारण पडद्यावर अक्षर मोठं, एकटं आणि आवाजाच्या सोबतीने येतं. म्हणून दर दहा तासांनी कागदी चाचणी घ्या. शिकवलेल्या खुणांतून बनणारे, पण पडद्यावर कधीच न दाखवलेले वीस शब्द छापा. वीसपैकी पंधरा आले तर पुढचा गट, नाहीतर त्याच गटात आणखी चार बैठका. छपाई पहिल्यांदा २४ पॉइंटची, मग १८, मग वर्तमानपत्राच्या मजकुराएवढी.

परीक्षाही कागदावरच असते. महाराष्ट्रात पहिली १७ मार्च २०२४ ला झाली. तीन तास, जवळची शाळा, पेन आणि छापील प्रश्नपत्रिका. कमी पडलं तर 'नापास' नव्हे, 'सुधारणा आवश्यक' असा शेरा मिळतो, हे आधीच सांगून ठेवा, धास्ती कमी होते. शेवटचे दोन महिने पडदा आठवड्यातून दोनच दिवस. बाकी दिवस पेन हातात. हात दुखतो, बोटं आखडतात, पेन घट्ट धरलं जातं. तीन तास लिहायची सवय पडद्यावर होत नाही.

सांजवर्ग · ६ जून, सकाळी ७.०५

शेवटचा प्रश्न. पहिला दिवस. टिकलीवरच्या टिचक्या आणि चष्मे झाले. त्यानंतर पहिलं अक्षर कोणतं? यादीतला 'क' घेऊन बसायचं का?

काचपाटी · ६ जून, सकाळी ७.४०

नाही. पहिल्या दिवशी तिचं नाव.

अठरा जणींची नावं रेशनकार्डावर जशी आहेत तशी आधी घ्या. पडद्यावर पूर्ण रुंदीत नाव, आणि तेच नाव हातात देता येईल अशा जाड कार्डावर छापलेलं. बऱ्याच जणींना सही येते. गटाच्या वहीत, बँकेत अंगठ्याऐवजी सही करतात. पण ती सही म्हणजे पाठ केलेलं चित्र असतं, रांगोळीसारखं. 'कमल' अशी सही रोज करणारीला 'काम' मधला क ओळखू येईलच असं नाही.

म्हणून कार्ड कात्रीने अक्षराअक्षरावर कापा. तुकडे सरमिसळ करा. पडद्यावर बघून तिला जुळवू द्या. मग पडदा झाका आणि पुन्हा जुळवू द्या. जुळलं की नावातलं पहिलं अक्षर हातात घेऊन खोलीत लावलेल्या बाकीच्या सतरा नावांत ते शोधायला सांगा. कमलचा क कौसल्याच्या आणि शकुंतलाच्या नावात सापडतो. मग त्या दोघी आपणहून तिच्याकडे येतात, कार्ड घेऊन, शेजारी धरून बघतात. त्या दिवशी एवढंच. तुकडे पाकिटात घालून घरी द्या, आणि दुसऱ्या दिवशी आणायला सांगा.